नांगराची गल्ली

निधी आला ही बातमी मला
पावतीसारखी मिळाली :
तांडेल, सही करा, चाळीस सेट.
खोक्यांतून थर्माकोलचा चुरा उडाला
आणि प्रत्येक सेटच्या पाठीवर
तीच चिकटपट्टी, शासकीय मालमत्ता.

सात वर्षं फिरली होती फाईल.
गृह म्हणालं, हे नगरविकासाचं.
नगरविकास म्हणालं, हे आपत्तीचं.
आपत्ती काहीच म्हणाली नाही.
ती सरळ दारूखान्यात आली,
एका बुधवारी, रात्री पावणेदोनला,
भंगाराच्या गोदामात
ऑइलच्या पिंपांमागून.

त्या रात्री आम्ही तिघं
एकाच जीपला टेकून उभे.
पोलिसांच्या सेटवर पोलीस बोलत होते,
अग्निशमनच्या सेटवर मी,
ॲम्ब्युलन्सवाली पोरगी मोबाईलवर,
आणि मोबाईल केव्हाचा मेलेला.
दहा फुटांवरचा माणूस
मुलुंडपेक्षा लांब.
वर शिडीवरून कुलासो ओरडत होता :
मागची भिंत फुगलीय, गल्ली रिकामी करा.
मला लख्ख ऐकू येत होतं.
गल्ली ज्याच्या ताब्यात होती
त्याच्या कानाला
दुसऱ्याच खात्याची खरखर.

मग इस्माईल.
इस्माईल पटवेकर, वॉर्ड ऑफिसचा शिपाई,
कुणी बोलावलं नव्हतं, आला होता.
सिगारेटचं पाकीट उलटं फाडून
मी आतल्या पांढऱ्या बाजूवर लिहायचो
आणि तो पळायचा.
भिंत. टँकर कुठाय. दोन भाजलेले, मागच्या दारी.
होज पायपांवरून उड्या मारत,
चपलेचा अंगठा तुटला तेव्हा
चपला तिथेच सोडून,
तापलेल्या पत्र्यांवरून अनवाणी.

भिंत पडली तेव्हा गल्लीत
एक हातगाडी होती फक्त.

अहवालात आलं : विविध यंत्रणांमधील
समन्वय समाधानकारक.
समन्वयाचे तळवे
पंधरा दिवस बर्नॉलमध्ये होते
हे कुठल्या रकान्यात बसलं नाही.

तर आज चाचणी.
चारही खाती एकाच चॅनेलवर, पहिल्यांदा.
साहेब म्हणाले, बोला.
कोणी बोलेना.
अंतरपाट धरल्यावर असते तशी
दहा सेकंदांची शांतता,
आणि मग सगळ्यांनी एकदम
अक्षता टाकाव्यात तसं बोलायला सुरुवात केली.

पोलीस म्हणाले, चौथी बीट, खांब अकराजवळ.
आम्ही म्हणालो, हायड्रंट सत्तावीस.
वॉर्डाने सिटी सर्व्हे नंबर दिला,
बटासकट.
ॲम्ब्युलन्सने विचारलं, खूण सांगा ना, खूण.

सगळे एकाच जागेबद्दल बोलत होते.
हवा जोडली गेली होती,
जिभा अजून आपापल्या खात्यात.

संध्याकाळी श्रीवर्धनला फोन लावला.
इस्माईल आता तिथे सुपारी सोलतो.
त्याला सगळी नावं माहीत,
कारण चारही खात्यांचे टपाल
त्यानेच वाटलेले, एकतीस वर्षं.
म्हणाला, लिहून घे.
चौथी बीट म्हणजे तुमचा सत्तावीस.
तिथली माणसं मात्र नांगराची गल्ली म्हणतात,
कोपऱ्यावर जहाजाचा नांगर पडलाय,
गंजलेला, त्यावर पोरं बसतात.
आग लागली की फोन ती माणसंच करणार,
तेव्हा तेच नाव वर लिही.

दोन तास लिहिलं.
कागद चालू खात्याचा, पेन माझं.
या कामाला लेखाशीर्ष नाही,
हे अकाउंटवाल्या म्हसकरबाईंनी
न विचारताच सांगितलं होतं.
झेरॉक्स काढून चिकटवली
एकेका सेटच्या पाठीवर,
शासकीय मालमत्तेच्या खाली,
थोडी तिरकीच.

फोन ठेवताना इस्माईल म्हणाला,
तांडेल, एवढा निधी आलाय तर बघ ना,
त्यातून माझ्या चपलांचे
काही निघतात का.

म्हटलं, अर्ज कर.
फाईल मी स्वतः फिरवतो.